चंदेरी कागदातली ऊब

रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी एका जुन्या थडग्याभोवती सात माणसं मुठी आवळून उभी होती. थडगं म्हणजे कंबरेएवढी गोल दगडी भिंत. ते चार हजार वर्षांपूर्वीचं आहे, एवढं फलकावर लिहिलं होतं. बाकीचं सगळं कैवल्य सर सांगत होते.

"मेक्सिकोतले माया पिरॅमिड मी स्वतः बघून आलोय. तिथली एनर्जी आणि इथली एनर्जी सेम. मधून मॅग्नेटिक लाइन जाते. गेलेली माणसं याच लाइनवरून ट्रॅव्हल करतात. आणि माया शब्द कुठला? आपलाच. आईची माया, तीच ही माया."

मान डोलवायला कुणाला सांगावं लागलं नाही. ही त्यांची प्रायव्हेट गाइडेड टूर होती. सकाळी दुबईच्या करामा भागातून मोठ्या गाडीत बसायचं, दुपारी अवशेषांपाशी विधी, संध्याकाळी परत. सरांनी प्रत्येकाला चंदेरी कागदाचा चौकोन दिला होता. त्यावर गेलेल्या माणसाचं नाव काडीने कोरायचं. सर छोट्या बाटलीतलं 'मायाजल' कुंचल्याने लावणार. मग बोळा करून मूठ मिटायची आणि वाट बघायची.

"गरम व्हायला लागलं," एक बाई हळूच म्हणाली आणि वाळूत खाली बसली. तिचं नाव छाया. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा शारजाच्या रस्त्यावर अपघातात गेला होता.

विली डाबरे तिच्या शेजारीच उभा होता. बासष्ट वर्षांचा, मूळ वसईचा. दुबईतल्या एका हॉटेलात तीस वर्षं एसीची देखभाल करणारा. असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण खालच्या मजल्यावरच्या विधवा मरियमबी या टूरला तीनदा जाऊन आल्या होत्या आणि महिनाभर त्याच्या मागे लागल्या होत्या. "विलीभाई, एकदा चला तरी. माझे बदरुद्दीन येतात."

विलीने कागदावर बायकोचं, पर्लचं नाव लिहिलं होतं. पर्ल वसईत वारली तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. दफन त्याने करामाच्या खोलीत बसून फोनवर पाहिलं. मध्येच रेंज गेली आणि चित्र परत आलं तेव्हा लोक सिमेंट्रीतून निघालेले होते. तिचा हात शेवटचा कधी धरला, ते त्याला आठवतही नव्हतं.

मुठीत ऊब आली. आधी थोडी, मग वाढत गेली, अगदी माणसाच्या तळव्यासारखी. विली हसला नाही. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मूठ उघडल्यावर कागदाला करडी राख फुटलेली होती. सरांनी ती पुड्यांत बांधून दिली. "रोज चिमूटभर पाण्यातून घ्या. चाळीस दिवस. संबंध तुटत नाही."

विलीने पुडी घरी आणून पर्लच्या फोटोखाली ठेवली. पाण्यात घालायची मात्र त्याला हिंमत झाली नाही. पुढच्या शनिवारची जागा त्याने त्याच दिवशी सांगून ठेवली. खोटं कशाला बोला, कितीतरी वर्षांनी त्याला शांत झोप लागली.

बुधवारी मरियमबींचा मुलगा अर्सलान दार ठोठावत आला. "अंकल, अम्मीचा हात बघा. कप धरता येत नाही."

मरियमबींच्या हिरड्या सुजल्या होत्या, तोंडात फोड आले होते. दोघांनी त्यांना क्लिनिकला नेलं. डॉक्टर नबिला तरुण होत्या, पण उलटतपासणी पक्की.

"तोंडाला चव कसली येते?"

"लोखंड चाटल्यासारखी."

"कुठलं औषध, भस्म, चूर्ण?"

मरियमबींनी मान फिरवली. शेवटी विलीनेच पुडीचं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना लगेच हॉस्पिटलात पाठवलं. दोन दिवसांनी डॉक्टरांचाच फोन आला.

"लघवीत पारा सापडलाय. बऱ्यापैकी. किडनीवर परिणाम व्हायला लागलाय, पण वेळेत आल्या. ती पुडी माझ्याकडे आणून द्या. हातांनी उघडू नका."

पारा म्हटल्यावर विलीला तो चंदेरी कागद आठवला. अ‍ॅल्युमिनियमच्या जवळ पारा येऊ द्यायचा नाही, धातू तापून झिजतो, हे त्याला पहिल्याच नोकरीत शिकवलेलं होतं. तो कागद अ‍ॅल्युमिनियमचाच होता, स्वयंपाकघरात चपात्या गुंडाळायचा. म्हणजे आपल्या मुठीत कोण होतं, हे त्याला कळलं. कळायला नको होतं असंही एकदा वाटून गेलं.

शनिवारी तो सरांच्या गाडीतून गेला नाही, आपली जुनी गाडी घेऊन मागून गेला. थडग्यापाशी तीच भाषणं झाली. विलीने कागदावर नाव कोरलं, सरांकडून जल लावून घेतलं, आणि हातात न घेता तो कागद काडीने दुमडून एका दगडावर ठेवला. मग खिशातून कामाचा थर्मामीटर काढून त्याची सळई कागदाला टेकवली.

"मुठीत धरा," सर म्हणाले.

"राहू द्या. आकडा बघू."

आकडा चढू लागला. पन्नास, साठ. कागदातून करडे केस फुटल्यासारखी राख वर येऊ लागली. माणसं जवळ आली.

"कोणाचं नाव लिहिलंत?" छायाने विचारलं.

विलीने सावलीत ठेवलेला दुसरा कागद उलगडून दाखवला. त्यावरही तेच नाव कोरलं होतं, फक्त जल लावलेलं नव्हतं. "कैवल्य. हे तर आपल्यासमोर उभे आहेत, जिवंत. आणि हा दुसरा कागद बघा, गार आहे. सर, याला माझ्या बाटलीतलं साधं पाणी लावा. होतोय का गरम?"

"सायन्स जिथे संपतं ना, अंकल, तिथे..."

"संपलेलं नाही. तुमच्या बाटलीत पाऱ्याचा क्षार आहे. तो अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतो. मग धातू हवेशी भिडतो आणि तापतो. राख उरते ती विषारी. माझी शेजारीण ती पिऊन हॉस्पिटलात पडली आहे. पुडी डॉक्टरांकडे आहे, आणि पोलिसांकडे तक्रार सकाळीच दिली आहे."

सर बाटली खिशात घालून गाडीकडे निघाले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी विलीचे आभारही मानले नाहीत. एकाने पुडी पायाखाली वाळूत दाबली.

छाया तिथेच उभी होती. "तुम्ही काय मिळवलंत, भाऊ? आठवड्यातून एकदा तरी माझा पोरगा यायचा."

"माझी बायकोही आली होती," विली म्हणाला. "मागच्या शनिवारी. मला ते पुन्हा हवं होतं. पण ताई, ती कागदाची ऊब होती. तुमचं दुःख खरं आहे, म्हणून त्यावर कुणी काहीही विकू शकतं. हातात काय देताय, पोटात काय घालताय, एवढं तरी आपण विचारायला हवं. जितकं मन दुखत असेल तितकं जास्त विचारायला हवं."

परत जायला ती विलीच्या गाडीत बसली. बराच वेळ डोंगर मागे पडत राहिले.

"मुलाचं नाव काय?" विलीने विचारलं.

"अयान."

"कसा होता?"

दुबई येईपर्यंत ती सांगत होती.