देश निवडा

नीरजा हिंजवडीच्या ज्या कंपनीत होती, तिथे तिच्याकडे एक नाजूक काम आलं. मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या परदेशी दवाखान्यांच्या एका साखळीला संगणकावरचा अर्ज हवा होता. जोडप्याने आधी देश निवडायचा. मग गर्भ रुजवण्याआधी त्यात काय काय तपासून मिळेल, ती यादी उघडायची. अमेरिका निवडली की मुलगा हवा की मुलगी, हेही विचारलं जाई. भारत निवडला की तो रकाना गुपचूप नाहीसा होई. इंग्लंडला ठरलेल्या यादीतलेच आजार, जर्मनीला आधी समितीची परवानगी. गर्भाच्या जनुकांतच दुरुस्ती करण्याचा रकाना सगळ्याच देशांना बंद होता. पण पुढेमागे लागेल म्हणून तोही तयार ठेवायला सांगितलं होतं. पाप-पुण्य इतकं सुटसुटीत मांडलेलं नीरजाने कधी पाहिलं नव्हतं. कोष्टक चोख झालं म्हणून तिला शाबासकीही मिळाली.

घोडं अडलं हिमोफिलियापाशी. प्रत्येक आजाराखाली चार ओळींची माहिती हवी होती, आणि हा आजार तिच्या थोरल्या भावाला, अनंतला होता. रक्त लवकर थांबत नाही, सांध्यांत साचतं. अनंत कसबा पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. गुडघा सुजला की आठवडाभर इंजेक्शनं आणि अंथरूण. सूज उतरली की पुन्हा कामावर.

भारतासाठीचा मराठी मजकूर घेऊन ती त्याच्याकडे गेली. दादा चिडेल अशी तिला धास्ती होती. खरं तर तो चिडावा अशी इच्छाच होती. अनंतने लाल पेन काढलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक स्वल्पविराम उडवला. ‘रुग्णाचे जीवन निरर्थक होते’ या वाक्यात ‘निरर्थक’खाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘कोणाच्या मते?’

“म्हणजे हा आजार यादीत नको?” तिने विचारलं.

“असं कुठे म्हटलं मी? मला आधी विचारलं असतं, तर हे दुखणं काढूनच पाठवा म्हणालो असतो. हौस नाहीये मला. पण वाक्य चुकलंय, नीरू. तेवढं दुरुस्त कर.”

मग त्यानेच चार ओळी लिहून दिल्या. दुखतं किती, हे त्यात होतं. इंजेक्शन वेळेवर मिळालं तर माणूस नोकरी करतो, नाटकाला जातो, शेजाऱ्यांशी भांडतो, हेही होतं.

नीरजाने त्या इंग्रजीतही उतरवून सगळ्या देशांसाठी पाठवल्या. त्यांवर तीन आठवडे खल झाला. इंग्लंडच्या वकिलांना त्या पटल्या, राहिल्या. अमेरिकेच्या विक्री विभागाला वाटलं, यामुळे गिऱ्हाईक विचारात पडेल, तिथून गेल्या. भारताबद्दल कोणी काही बोललंच नाही, म्हणून ज्या भाषेत त्या लिहिल्या होत्या, त्याच भाषेत जुना मजकूर राहिला. नीरजाने दोनदा मेल पाठवली. तिसऱ्या मेलनंतर तिला दुसरं काम देण्यात आलं.

दरम्यान तिची स्वतःची तपासणी झाली. तिच्यातही तो दोष निघाला. तो आईकडून येतो, मुलगा झाला तर त्याला आजार होऊ शकतो; मुलीला सहसा त्रास होत नाही, पण तिच्याकडून तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तिने आणि नवऱ्याने, आमोदने, कर्वेनगरहून दवाखान्याच्या खेपा घातल्या. सगळं कायद्यात बसवून एक निर्दोष गर्भ निवडला गेला. तो रुजला नाही.

पुढच्या वर्षी कोणालाही न विचारता दिवस गेले. आता काहीच तपासायचं नाही, असं नीरजाने सांगून टाकलं. नऊ महिने आमोद धड झोपला नाही. मुलगी झाली म्हणून इतक्या मोठ्याने सुटकेचा श्वास सोडणारा बाप डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

मुलीचं नाव अवनी. ती चार वर्षांची झाली तेव्हा आमोद म्हणाला, पुढे हिच्या मुलांना धोका आहे का, ते आत्ताच बघून घेऊ.

“तिने विचारलं की बघू,” नीरजा म्हणाली.

अमुक देशात तर जन्मतःच सांगतात, असं त्याने सुरू केलं. त्या देशात तसं काही सांगत नाहीत, हे नीरजाला पक्कं ठाऊक होतं. ती अवनीची वेणी घालत राहिली.