जमनाचा नवा गुडघा

“चढला?” हिरानं विचारलं आणि आवाजातला आनंद कळू नये म्हणून पदर तोंडाशी नेला.

“बावन्न आला, काकी. मागच्या खेपेला चाळीस होता,” देवू हातातला रक्ततपासणीचा कागद बघत म्हणाला. शेजारच्या बाकावर त्याची आई, जमना, पाय लांब करून बसली होती. तिचा चेहरा उतरला.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईला जमनाचा गुडघा बदलला होता. तेव्हापासून बोईसरला येऊन रक्त तपासायचं चाललं होतं. अंगात कुठं सूज असली की रक्तातला हा ईएसआर वाढतो. ऑपरेशननंतर तो चढतो, मग हळूहळू उतरायला हवा. उतरता उतरता पुन्हा चढला, तर सांध्यात पू धरल्याची भीती, आणि मग गुडघा परत उघडायचा.

हिरा जमनाची धाकटी जाऊ. दोघी दांडी गावात एकाच घरात नांदल्या, डोक्यावर माशांच्या पाट्या वाहून दोघींचे गुडघे सारखेच झिजले. पण जमनाचा देवू तारापूरच्या कंपनीत लागला आणि कंपनीनं आईला नवा गुडघा दिला. हिराचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. त्याला हिराचंच छप्पर तेवढं सापडत नव्हतं.

एकच गोष्ट हिराला मिळाली होती. बोईसरच्या बाजारातली तोंडावरची कोपऱ्याची जागा सासूनं थोरलीला दिली होती. जमना घरी पडल्यापासून तिथं हिरा बसत होती. दुपारच्या आत पाटी रिकामी व्हायची. जमना बरी झाली की हिरा परत मागं, गटाराजवळ.

म्हणून तिनं ते केलं होतं. जखमेवर सुकी मासळी खाल्ली की पू धरतो, हे दांडीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणून देवूची बायको जमनाला नुसता वरणभात घालायची. गेल्या आठवड्यात जमना काकुळतीला आली, “हिरा, तोंडाला चव नाय गो. एक सुका बोंबील तरी दे.” हिरानं चांगले चार भाजून दिले आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, लघवी तपासायला लावली. संध्याकाळी म्हणाले, “गुडघा छान आहे. लघवीत जंतू आहेत, त्यानं आकडा वाढलाय. गोळ्या देतो.”

हिराला राहवलं नाही. “डाक्टर, सुक्या बोंबलानं नाय ना चढत?”

“नाही हो बाई!” ते हसले.

पाप टळलं म्हणून हिराला हायसं वाटलं, आणि चार बोंबील फुकट गेले म्हणून रागही आला.

पुढच्या महिन्यात आकडा अठरावर आला आणि दुसऱ्याच दिवशी जमना पाटी घेऊन बाजारात हजर झाली. हिरानं आपला पाट उचलला.

जमना भिंतीला धरून खाली वाकली. गुडघा थोडा दुमडला आणि अडला. तिनं पुन्हा जोर केला. मांडी घालून बसायचं नाही, हे मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ते फक्त आकडा उतरेपर्यंत, अशी तिची समजूत होती.

“खुर्ची आनू काय, वैनी?” हिरानं विचारलं.

“खुर्चीत बसून मावरा कसा कापू?” जमना सरळ उभी राहिली. पाटी तिनं पायानं हिराकडं सरकवली. “बस तू. हे पन इक. आता हितं तूच.”

हिरा बसली. दोन्ही गुडघ्यांतून कळ निघाली, ती तिनं गिळली.

जमना रिक्षाकडे निघाली. ना लंगडणं, ना काठी. “काय चालते गो!” बाकीच्या बायका म्हणाल्या. हिरा त्या चालीकडे बघत राहिली. गिऱ्हाईक दोनदा भाव विचारून गेलं.

रिक्षात चढण्याआधी जमनानं वळून कोपऱ्याकडे पाहिलं. ती नजर हिरानं लगेच ओळखली. गटाराजवळ बसून ती स्वतः इतकी वर्षं याच जागेकडे तशी बघत आली होती.