लझरच्या नावानं हाळी

लझरची बायको खजुरीवर चढतेय, हे शेजारच्या बागेतल्या साल्मीला आधी खरंच वाटलं नाही. ऐन तर्फात, म्हणजे फुलोरा बांधायच्या दिवसांत, बाईमाणूस झाडावर चढलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. झगा कमरेला खोचून, नरझाडाचा तुरा दातांत धरून हनिया खोडाला चिकटली होती. तिला वर जाववत नव्हतं आणि खाली बघवत नव्हतं.

"हनिये, उतर! मरतीस का काय?"

"मरू दे की! समद्या गावाच्या मनासारखं हुईल!" ती तुरा हातात घेऊन वरूनच ओरडली. "फुलोरा कवाच फुटलाय. आनखी दोन दिस गेले तर एक दाना धरायचा न्हाई. पोरांना काय वाळू चारू?"

खोटं नव्हतं तिचं. मादी झाडाच्या फुलोऱ्यात नराचे तुरे माणसानं हातानं बांधावे लागतात. वेळ चुकली की वर्ष गेलं. लझर झाडावरून पडून कंबर मोडून अंगणात खाटेला खिळला होता, आणि त्याच्या झाडांवर कुणीही चढायचं नाही असं गावानं मशिदीच्या अंगणात ठरवलं होतं. ठरवायला लावणारा साल्मीच होता. लझरनं हट्टानं वाळूच्या कडेला खोल बोअर मारली आणि गावाचा झरा आटला, असं त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून साल्मीनं लझरचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'तो बोअरवाला' एवढंच म्हणायचा.

हनियाचा पाय सटकला. साल्मी शिव्या हासडतच कुंपण ओलांडून धावला, खालून तिची टाच धरली आणि एकेक पाऊल टेकवत तिला उतरवलं. तिच्या हातातला तुरा त्यानं हिसकून घेतला, झाडाखाली ठेवलेले बाकीचे आपल्या झग्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपीत कोंबले आणि वर गेला.

बांधून झालं आणि त्याची जीभ अडली. ऐन तर्फात फुलोरा बांधला की मालकाचं नाव घेऊन वरून हाळी द्यायची असते, त्याशिवाय फळ धरत नाही अशी माणसांची श्रद्धा. पुटपुटून चालत नाही.

"अल्ला लझरला बरकत देवोऽऽ!"

शेजारच्या बागांतले कोयत्यांचे आवाज थांबले. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"कोन हाय रं वर?" खाटेवरून लझर ओरडला.

"तुझा बाप!"

"साल्मी? माझा फुलोरा छाटाया चढलास व्हय रं?"

"छाटायचा असता तर तुझ्या नावानं बोंबललो असतो का, गाढवा?"

गप्प बसणं लझरच्या रक्तातच नव्हतं. "तरीबी सांगतो, झरा माझ्या बोअरनं आटला न्हाई. पाऊस न्हाई म्हून आटला."

"पाऊस तुझ्या आज्याच्या येळंलाबी नव्हता! तवा कसा वाहत होता?"

"तवा माणसं कमी हुती."

"आनि शहानी हुती!" साल्मी पुढच्या झाडावर चढला. "अल्ला लझरला बरकत देवोऽऽ! आनि जरा अक्कलबी!"

दिवस मावळेपर्यंत असंच चाललं. हनिया खाली तुरे निवडत कधी रडत होती, कधी हसत होती.

दुसऱ्या दिवशी साल्मीच्या सलामाला गावात कुणी जवाब दिला नाही. मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. घरी त्याची बायको मब्रूका रोटी थापता थापता म्हणाली, "वाळीत टाकाया गावाला शिकवलं कोनी? तुमीच की. आता पटलं म्हना त्याचं."

"न्हाई पटलं. पटनारबी न्हाई."

"मग कशापायी चढला?"

"ती बाई पडली असती," साल्मी म्हणाला. ह्याहून बरं कारण त्यालाही सापडत नव्हतं.

त्या साली लझरचे घड असे लगडले की त्यांना टेकू द्यावे लागले. सगळा खजूर विकून लझरनं काय करावं? दुसरी बोअर मारली. यंत्राचा धडधडाट ऐकून साल्मीनं हातातलं खोरं आपटलं. मब्रूकानं कपाळावर हात मारला. "घ्या! आनखी द्या हाळ्या!"

पुढच्या उन्हाळ्यात साल्मीच्या विहिरीनं तळ दाखवला. झावळ्या शेंड्यापासून पिवळ्या पडत गेल्या. आपली झाडं आपल्याच हातानं लगडवलेल्या खजुरानं मारली, हे त्याला रोज दिसत होतं आणि रोज आतून तुटत होतं.

मग एका सकाळी लझर कुबडीवर रखडत त्याच्या बागेत आला.

"आठवड्याला एक पाळी माझ्या बोअरचं पानी घे."

"तूच माझं पानी वढलंस. आता तुझ्याच दारात हात पसरू?"

"पसर कोन म्हनतंय? घे म्हनतो."

मदत द्यायला साल्मीला इतकं जड गेलं नव्हतं. घेताना मात्र जीव नकोसा झाला. शेवटी तो खोरं उचलून पाटाचा बांध फोडायला गेला.

"बोअर चूकच हाय," तो पाठमोराच म्हणाला.

"बरूबर हाय," लझर म्हणाला.

पाणी आलं ते कोमट, खारट, आणि निम्म्याच झाडांना पुरलं. उरलेली झाडं थंडी सुरू व्हायच्या आत वाळून गेली. ती तोडायला गावातलं कुणी आलं नाही. साल्मीनं कुऱ्हाड चालवली, लझरनं कुबडीवर तोल सावरत झावळ्या ओढल्या, आणि झरा कशानं आटला ह्यावरून दोघं दिवसभर भांडत राहिले.