पलटणीच्या शब्दांची वही

मित्रांनो, माझ्या पाठीला खाकी कापडाची पट्टी आहे. ती तंबू शिवायच्या जाड सुईने शिवलेली, म्हणून टाके वेडेवाकडे. मी पलटणीत वाढलेली एक जुनी वही आहे.

खरे तर मी हजेरीसाठी आले होते. पण आमच्या हवालदारांना शब्दांचा भारी नाद. डोंगरावरच्या चौकीत जवानांनी घडवलेला प्रत्येक शब्द ते माझ्यात लिहीत आणि शेजारी त्याची जन्मकथाही. पाण्याला तिथे 'लंगडी' म्हणत, कारण पाणी एका लंगड्या घोडीवरून वर येई. मुक्काम हलवण्याचा हुकूम म्हणजे 'मामाचं पत्र', कारण तो आणणारा टकलू शिपाई सगळ्यांचा मामा होता. जवान वाकून बघत. "हवालदार, माझ्या घोरण्याचं नाव तेवढं लिहू नका हो!" ते तर आधीच लिहून झालेले असे.

पुढे हवालदार निवृत्त झाले आणि मी ट्रंकेत गेले, गणवेशाच्या घडीखाली. किती वर्षे गेली, मोजली नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. अर्धे अंग गेले, वाचाही गेली. चार-पाच शब्द तेवढे उरले. पत्नीने घास पुढे केला की ते तोंड फिरवत आणि म्हणत, "कोपरा रिकामा." आठवडाभर हेच. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून नाकातून नळी घालावी लागेल. बिचारीने कोपऱ्यात खुर्ची ठेवून पाहिली, कपाट सरकवून पाहिले.

"अहो, आता तिथे काय हत्ती आणून बांधू?" असे म्हणून ती रडू लागली.

दवाखान्यासाठी नोकरीची कागदपत्रे हवी होती, म्हणून लेकीने ट्रंक उघडली. मी हाती लागले. पाने चाळता चाळता तिचे बोट एका ओळीवर थांबले:

'कोपरा रिकामा: पहाऱ्यावरच्या जवानाची जागा तंबूच्या कोपऱ्यात. तो येऊन ताटावर बसेपर्यंत कोणी घास घेत नाही.'

"आई, तू कधी जेवतेस गं?"

"मी? यांचं उरकलं की. ओट्याशी, उभ्या उभ्या. का?"

"तुझं ताट घे आणि इथे बस."

"अगं, आधी यांना..."

"बस म्हणते ना!"

आई पलंगापाशी बसली. तिने एक घास खाल्ला. हवालदार बघत राहिले आणि मग त्यांनी तोंड उघडले.

नळी लागली नाही. आता दोघे रोज एकत्र जेवतात.

मित्रांनो, मी त्या जवानांची ऋणी आहे आणि शब्दाशेजारी त्याची गोष्ट लिहिणाऱ्या हाताचीही. नुसता शब्द लिहिला असता, तर त्या दिवशी मी काय कामाची होते? तुमच्या घरातले वडीलधारे एखादा विचित्र शब्द बोलले, तर खुशाल हसा. पण तो कुठून आला, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. त्यांना सांगता येते आहे, तोवरच विचारा.