मोना मध्ये

पूर्णिमाच्या तोंडाला गंगावेशीतली त्यांची सगळी गल्ली वचकून असे, एक मोना सोडून. मोना म्हणजे घरची म्हैस. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला मोटारसायकलमागं म्हशी पळवतात, म्हणून पूर्णिमाच्या नवऱ्यानं, अमरसिंहनं, गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढून महिनाभर तिला तालीम दिली होती. फडफड आवाज झाला की मोना त्यामागं सुटायची. लेकीला, क्रांतीला, मागं बसवून तो ऐटीत निघायचा आणि गल्ली शिट्ट्या मारायची. मग पंधरा वर्षांच्या पोरीला गाडी चालवायची हौस वाटली, तर त्यात नवल ते काय? "अठरा झाल्याबिगार किल्लीला हात लावायचा न्हाय," हे सांगून वाईट व्हायचं काम मात्र आईच्या वाट्याला.

त्या दिवशी संध्याकाळी अमरसिंह जयसिंगपूरला पाहुण्यांकडं गेला होता. पूर्णिमा दुसऱ्या म्हशीची धार काढत बसली होती, तोच दारात गाडी फडफडली. ती उठेपर्यंत क्रांती गल्लीबाहेर गेली होती आणि मोनानं दावं तोडलं होतं.

बादली लवंडली. हाताला लागली ती काठी घेऊन पूर्णिमा पळत सुटली.

रंकाळ्याच्या रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीची झुंबड. पुढं गाडी, गाडीमागं म्हैस, म्हशीमागं ती. "क्रांते, थांब," ती ओरडली. पोरीनं आरशात पाहिलं. आई दिसली, काठी दिसली, आणि तिनं गाडी आणखी पिळली. मोनाही तेवढीच उधळली. एक रिक्षा कशीबशी बाजूला झाली. फुलं विकणारी बाई टोपलीसकट गटाराकडं सरकली.

"गाडी बंद कर, क्रांते. मी मारणार न्हाय."

हे कुणी ऐकावं? मागच्या महिन्यात मोबाइलच्या भानगडीत तिनं हेच म्हटलं होतं, "खरं सांग, मारणार न्हाय." पोरीनं भाबडेपणानं खरं सांगितलं आणि पूर्णिमानं तिच्या थोबाडीत दिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरी रोज दूध तापवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या चौकात एस.टी. वळत होती. आपण पळतोय तोवर पोरगी थांबणार नाही, हे पूर्णिमाला लख्ख कळलं. लेक त्या चाकांकडं चाललेली असताना पाय थांबवणं किती अवघड, ते आईलाच ठाऊक. ती थांबली. काठी लांब भिरकावली आणि भर रस्त्यात खाली बसली. मागून हॉर्न वाजत राहिले.

गाडी हळू झाली. मग फडफड बंद पडली. मोना धापा टाकत क्रांतीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. हातभर अंतरावरून एस.टी. निघून गेली.

पूर्णिमा उठून जवळ गेली. जीव भांड्यात पडला तसा रागही उसळला आणि उजवा हात आपोआप वर आला. क्रांतीनं गाल झाकला नाही की डोळेही मिटले नाहीत.

"मारायचं असलं तर घरात मार की," ती हळू म्हणाली. "हितं लोकं बघत्यात."

पूर्णिमानं तो हात मोनाच्या गळ्यातल्या तुटक्या दाव्यावर घट्ट धरला. "न्हाय मारत," ती म्हणाली. "म्हटलंय न्हवं."

क्रांतीनं गाडी घराकडं वळवली.

दोघी परत निघाल्या. एकीनं गाडी ढकलत नेली, दुसरीनं म्हैस दाव्याला धरून. पूर्णिमाला लेकीजवळून चालायचं होतं, म्हणून ती दोनदा बाजू बदलून पलीकडं गेली. दोन्ही वेळा क्रांतीनं गाडी थांबवली, म्हशीला पुढं जाऊ दिलं आणि मोना दोघींच्या मध्ये येईल अशी चालू लागली.

तिसऱ्यांदा पूर्णिमानं बाजू बदलली नाही. घर येईपर्यंत ती म्हशीच्या अलीकडूनच चालत राहिली.