भरलेली बादली

पंधरा दिवसांत हात सरळ होईल, असे मी बोललो नव्हतो. जॅक्सनच्या वडिलांनी, फर्डिनंडने, विचारले तेव्हा मी फक्त होकारार्थी मान हलवली होती. अबोल फिजिओथेरपिस्टची मान त्याच्या जिभेपेक्षा अधिक बेजबाबदार असते.

जॅक्सन नारळाच्या झाडावरून पडला होता. कोपराचे प्लास्टर निघाले तेव्हा हात काटकोनात आखडलेला होता. जहाजावर स्वयंपाकी म्हणून त्याची निवड झालेली; पंधरा दिवस संपले तेव्हा वैद्यकीय तपासणीला चारच दिवस उरले होते. मी रोज विरारहून वसईतल्या गिरीजला जाऊन तो कोपर वेदनेच्या अलीकडे थांबत, अंशाअंशाने उलगडत होतो. केळीचे कोवळे पानही स्वतःच्या वेळेनेच उलगडते.

सोळाव्या सकाळी वाडीत शिरताच किंकाळी ऐकू आली.

ओट्यावर जॅक्सनचा दंड दोरीने बाकाला करकचून बांधला होता आणि मनगटाला पाण्याने भरलेली बादली लटकत होती. आखडलेला हात वजनाने सुटतो, हा इथल्या घराघरांतला उपाय. कोपर सुजून लालबुंद झाला होता.

"बादली काढा, अंकल," मी म्हणालो. "हाड अजून कच्चं आहे. पुन्हा मोडेल."

"ये, डॉक्टर, ये!" फर्डिनंड हसला. "पंधरा दिवस माझ्या पोराला नुसतं गोंजारलंस. बादलीने एका सकाळीत बघ किती काम केलं!"

"पप्पा, सोडा ना..."

"गप! जहाजावर काय वाकड्या हाताने कांदा कापणार?"

मी गाठ सोडायला वाकलो. फर्डिनंडची मूठ माझ्या तोंडावर बसली. मी ओट्याखाली कोसळलो. जिभेवर रक्त आणि माती एकत्र आली. उठेपर्यंत त्याने बादली सोडवून लाथेने उडवली होती आणि जॅक्सनच्या दंडावर गुडघा रोवून, मनगट दोन्ही हातांनी धरून, तो सर्व भार टाकून दाबत होता. रेजिना आंटी नवऱ्याचा शर्ट ओढत होत्या. त्यांना त्याने मागच्या मागे भिंतीवर ढकलले. मी त्याच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. आयुष्यात कुणावर हात न उगारलेला मी, त्याचा श्वास घरघरेपर्यंत आवळत राहिलो. तरी तो दाबतच होता.

सुकी फांदी मोडावी तसा लहानसा आवाज झाला.

हात सरळ झाला होता.

"झाला!" फर्डिनंड धापा टाकत ओरडला. "बघ, झाला!"

मग तो हात सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट्या बाजूला, खाली झुकत गेला. जॅक्सनचे तोंड उघडे होते. आवाज मात्र उरला नव्हता.

मी नाडी तपासली. ती लागत होती. खोक्याच्या दोन फळ्या उचकटून त्यांत हात बांधला. रुग्णालयापर्यंत फर्डिनंड रिक्षात चालकाशेजारी बसून स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिला.

तो दाराबाहेरच थांबला. "कसं झालं?" आतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"पडलो," जॅक्सन घाईने म्हणाला, आणि धडधाकट हाताने त्याने माझे मनगट पकडले.

"पडला नाही," मी म्हणालो. त्याची नखे कातडीत रुतली. "वडिलांनी मोडला. पंधरा दिवसांची मुदत त्यांना माझ्याकडून मिळाली होती; ती खोटी होती."

माझे बोलणे पूर्ण होईपर्यंत त्याने पकड सोडली नाही. नंतर त्याने मान भिंतीकडे वळवली. माझ्या मनगटावरून रक्त ओघळत होते, आणि बाई लिहीत होत्या.