उपरण्यावर उठलेला विंचू

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावरच्या मांडवात कुणाच्या हातावर तुळस उठली की टाळ्या पडत, आणि विंचू उठला की बायका तोंडाला पदर लावत. नव्व्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सातपूरचे कामगार पाळी सुटली की डबा हातात घेऊन थेट रांगेला लागत, निफाडचे द्राक्षवाले मोटारसायकलवर अख्खं कुटुंब चढवून येत, आणि सटाण्याचे कांदा व्यापारी जीप भरभरून. चपलांचा ढीग एवढा, की निम्मे भाविक दुसऱ्याच्याच चपला घालून घरी जात आणि त्यालाही प्रसाद म्हणत.

मांडवात बसायचे गोंदणबाबा. पांढरंशुभ्र उपरणं, कपाळावर केशरी गंध, दाढीला अत्तर. समोर एक लाल कापड पडद्यासारखं टांगलेलं. त्याखाली आपण हात घालायचा. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, हाताला थंडगार चंदन लावत आणि वरून पट्टी बांधत. तीन दिवस पट्टी सोडायची नाही, पाणी लावायचं नाही. मग परत यायचं आणि सगळ्यांदेखत पट्टी सोडायची. आत बघावं तर गोंदण! सुई नाही, मशीन नाही, गोंदणारीण नाही, तरी हातावर काळपट, फुगीर चित्र. तुळस उठली तर माणूस शुद्ध. विंचू उठला तर घराला लागलेली करणी याच माणसाच्या अंगात.

"मैं कुछ नहीं करता," बाबा हात वर करून सांगत. "देवाने प्रत्येकाच्या आत चित्र काढूनच पाठवलंय. मी फक्त झाकण उघडतो. अरे, हा वरचा कॉम्प्युटर आहे! याला वाय टू के होत नाही!"

वाय टू के, म्हणजे दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर बिघडणार ही आवई, त्या साली कुणालाच धड कळली नव्हती, त्यामुळे सगळे जोरजोरात माना डोलवत. सटाण्याचा एक व्यापारी तर हात नाचवत ओरडला, "बाबा, मना हातवर तुळस उठनी शे, देखा!" त्याने त्याच आठवड्यात अर्ध्या बाजाराला मापात मारलं होतं म्हणतात. तरी तुळस उठली. देव मोठा दयाळू.

मी सुधा. शाळेत विज्ञान शिकवते आणि माझी जीभ जरा तिखट आहे, असं शेजारी म्हणतात. मला या बाबाशी काही देणंघेणं नव्हतं. पण एक दिवस तो माझ्या फुलवालीच्या घरात शिरला, आणि मग माझं डोकं फिरलं.

फुलवाली म्हणजे कलाबाई. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा, आणि आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर रोज सकाळी फुलांची पाटी. शेजारी त्यांची नवी सून दीपमाला हार गुंफत बसायची. निफाडची पोर, हात असा चपळ की बघत राहावं. त्या दिवशी मात्र तिचा उजवा हात पदराखाली होता आणि चेहरा उतरला होता.

"काय गं, काय झालं?"

दीपमालाने हात पदरात आणखी आत ओढला. कलाबाईच म्हणाल्या, "विंचू उठला, बाई. बाबानी सांगितलं, करणी हिच्याच अंगात हाय. हिचं पाऊल पडलं अन् झेंडूवर करपा आला, म्हैस आटली. आता बाबा म्हणत्यात, गुरुवारी शेवटचा उतारा, अन् मग हिला म्हायेरी धाडा. कायमची."

"कायमची? आणि राज काय म्हणतो?" राज हा त्यांचा मुलगा, दीपमालाचा नवरा.

"त्यो काय म्हननार? बाबाच्या शब्दाभायेर कोन जातं?"

मी दीपमालाचा हात ओढून घेतला. अगं आई गं! मनगटाच्या वर पाणी भरलेले फोड, भोवती लालबुंद सूज, आणि त्या सगळ्यात विंचवाचा आकार. नांगी अगदी नीट वळवलेली. मी सवयीने पाय मोजले. विंचवाला आठ पाय असतात, पाचवीच्या पोरालाही माहीत असतं. याला सात.

"देवाला विंचवाचे पाय मोजता येत नाहीत का हो, कलाबाई?"

"बाई, देवाची चेष्टा नका करू."

"मी देवाची नाही करत. आणि हे काय आहे?" मी त्यांचंच मनगट धरलं. त्यावर हिरवट पडलेलं जुनं गोंदण होतं. एक तुळशी वृंदावन आणि त्याच्याखाली चक्क विंचू.

"त्यो येगळा," कलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "माझ्या आयनी गोंदणारणीकडून काढून घेतला, लग्नाआधी. विंचू गोंदला की बाई काटक ऱ्हाती, घरात लेकरं खेळत्यात, असं म्हनायची."

"आणि राजच्या दंडावरचा?" रामकुंडावर मशीनने गोंदणारे बसत, तिथून त्याने केवढा तरी विंचू काढून आणला होता, नांगी खांद्यापर्यंत.

"ती श्टाईल हाय."

म्हणजे सासूच्या हातावरचा विंचू आशीर्वाद, मुलाच्या दंडावरचा फॅशन, आणि सुनेच्या हातावरचा करणी. वा रे वा! त्या बिचाऱ्या विंचवालाही कळत नसेल आपण नक्की कोण ते.

त्याच दुपारी मी दीपमालाला घेऊन माझ्या भाच्याकडे गेले. मयुरेश त्वचारोगांचा डॉक्टर. त्याने हात बघितला, वास घेतला, भिंग लावलं आणि विचारलं, "चंदनात काहीतरी काळपट तेल होतं का?"

"मला दिसलं नाय. हात कापडाखाली होता," दीपमाला म्हणाली. "पण काहीतरी टणक दाबलं. शिक्का मारत्यात तसं."

"मावशी, हा बिब्बा," मयुरेश म्हणाला. "बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की लगेच काही होत नाही. एकदोन दिवसांनी उततं. जिथे लागलं तिथेच, त्याच आकारात. आणखी आठवडा पाणी न लावता ठेवलं असतं तर हात नासला असता."

दीपमाला रडायला लागली. मला वाटलं दुखतंय म्हणून. तर ती म्हणाली, "डॉक्टर, म्हंजे माझ्यात काय नाय ना? मला बी वाटाया लागलं होतं, की असंल."

मला बाबाचा तर राग होताच, पण या वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगली धडधाकट, कामसू पोर, आणि तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

बाबाच्या शब्दापुढे कलाबाई डॉक्टरचं ऐकणार नव्हत्या, पुरावा सगळ्यांदेखत हवा होता. आता प्रश्न एकच उरला. तुळस कुणाला आणि विंचू कुणाला, हे बाबाला कळत कसं? त्यासाठी गुरुवारी मी आणि मयुरेश मांडवात गेलो. चपला सांभाळायला तिथे वत्सलाबाई नावाची एक गोड बोलणारी बाई बसायची. ती प्रत्येकाशी मायेने बोले. "काय बाई, घरी सगळं बरं ना? कुणाचा त्रास?" लोक तिच्यापाशी मन मोकळं करत, आणि ती मग उठून बाबांना पाण्याचा तांब्या नेऊन देई. भाविकामागे एक तांब्या! एवढं पाणी म्हैससुद्धा पीत नाही.

मयुरेशने तिच्या कानाशी लागून सांगितलं, "काय सांगू, ही मावशी घरात आली की काहीतरी बिघडतंच. परवा फ्रीज गेला. काल माझं लग्न मोडलं." त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्याला फार मजा येत होती, ते मी लक्षात ठेवलं.

वत्सलाबाई तांब्या घेऊन गेली. मी पुढे झाले, लाल कापडाखाली हात घातला. बाबांनी पुटपुटत कातडीवर काहीतरी टणक दाबलं, चंदन चोपडलं, पट्टी बांधली आणि खिन्न आवाजात म्हणाले, "माई, तुमच्यात काहीतरी भारी आहे."

"आहे खरं. ते आत्ताच दाखवते," मी म्हणाले.

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी जीप थांबली. कलाबाई, राज आणि दीपमाला उतरले. मागच्या सीटवर दीपमालाची ट्रंक होती. उतारा झाला की तिथूनच निफाड.

मी सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले आणि तिथेच पट्टी सोडली. एकच ओरडा झाला. "अहो बाई, तीन दिवस! पाप लागंल!" मी अंगठ्याने वरचं चंदन पुसलं. खाली तेलकट, भुऱ्या रेघा होत्या. पर्समधून पांढरा रुमाल काढला, पुढच्या आजोबांकडून पानाचा चुना मागून घेतला, थोडा पाण्यात कालवून रुमालाला फासला आणि रुमाल हातावर दाबून धरला.

"धोबी कपड्यावर खूण कशाने करतो, माहितीय ना?" मी वर्गात विचारते तसं विचारलं. "बिब्बा आणि चुना. काळी पडलेली खूण जन्मात निघत नाही. आता बघा."

रुमाल उचलला. काळाभोर विंचू! तोंड उलट्या दिशेला, पाय सात. मी लगेच मयुरेशने आणलेलं खोबरेल हाताला चोळलं आणि साबणाने हात खसखसून धुतला, कारण विज्ञान शिकवते म्हणून काही बिब्बा मला सोडणार नव्हता.

"रुमालाला करणी झाली का हो, बाबा?" मागून एक कामगार ओरडला. हशा पिकला.

बाबा उठून उभे राहिले. "रुमाल अपवित्र आहे! ही बाई नास्तिक! हिच्या घामाने..."

"थांबा," कलाबाई म्हणाल्या.

त्या पुढे आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला रुमाल घेतला आणि नाकाशी धरला. त्यांचा चेहरा बदलत गेला. "ह्यो वास मला ठावा हाय. बाळंतपनात बिब्बा खाल्लाय मी. राजच्या पायात काटा मोडला तवा बिब्बाच लावला. मग तवा कसा वळखू आला नाय?"

ओळखू येणार कसा? मखमलाबादच्या एकूणएक घरात बिब्बा असतो. पण अत्तर शिंपडून, लाल कापडाआडून, बाबाच्या हातून आला की तोच बिब्बा देवाचा होतो आणि मग त्याचा वास कुणी घेत नाही.

कलाबाईंनी ते लाल कापड एका हिसक्यात ओढलं. बाबांच्या मांडीवर दोन लाकडी ठसे होते, कापडावर छापकाम करतात तसे. एकावर तुळस, एकावर विंचू. विंचवाचा एक पाय तुटलेला. शेजारी वाटीत चंदन आणि खाली दाट काळं तेल.

बाबा ठसे उचलायला वाकले, पण राज तोपर्यंत मध्ये येऊन उभा राहिला होता. कलाबाईंनी कमरेची पानाची चंची सोडली, चुना काढला, बाबांच्या पांढऱ्या उपरण्यावर फासला आणि दणकन विंचवाचा ठसा मारला. मग शेजारी तुळशीचा.

"बघा गं बायांनो! बाबा निम्मा शुद्ध अन् निम्मी करणी!"

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी होता. दोन्ही चित्रं उपरण्यावर काळी होत गेली. बाबा तसेच मागच्या कनातीतून निघाले, वत्सलाबाई चपला टाकून त्यांच्यामागे. काही पोरं त्यांच्यामागे धावली. मयुरेशने वाटी आणि ठसे पिशवीत घातले आणि तक्रार द्यायला चौकीवर गेला.

पण सगळे हसत होते तेव्हा एक जण हसलं नव्हतं. दीपमाला जीपजवळ उभी होती.

"चल गं घरी," कलाबाई म्हणाल्या. "झालं गेलं. राज, ट्रंक उतरव."

"नको उतरवू," दीपमाला म्हणाली. "आत्याबाई, ठसा बाबानी मारला. पण कुठला मारायचा, ते त्याला कुनी सांगितलं?"

लोक बघत होते. कलाबाईंना खोटं बोलता आलं असतं, वत्सलाबाई पळालीच होती. पण त्या म्हणाल्या, "मी. चपला काढताना मीच म्हनले, की सून पांढऱ्या पायाची निघाली."

"मग करपा आला तवा तुम्ही औषध मारलं का?"

"नाय. बाबाकडं आलो."

"मी जाते," दीपमाला म्हणाली. "कुनी धाडतंय म्हनून नाय. हात बरा होईस्तवर आईपाशी ऱ्हाते. न्यायला तुम्ही स्वतः या. अन् आत्ता जे बोलल्या, ते माझ्या आईपुढं बोला."

जीप गेली. राज बराच वेळ दंडावरची बाही खाली ओढत उभा होता.

कलाबाई निफाडला गेल्या. आठ दिवस पाटीवर बसल्या आणि मग गेल्या, कारण अशा कबुलीला धीर लागतो. विहीणबाईंपुढे सगळं बोलल्या, अगदी म्हशीपासून. दीपमाला त्यांच्यासोबत परत आली. राजने कृषी कार्यालयात विचारून करप्याचं औषध आणलं आणि पुढच्या सणाला झेंडू बरा निघाला. म्हैस मात्र आटलेलीच राहिली, कारण ती म्हातारी झाली होती. त्यात कुणाचाच दोष नव्हता.

आता माझं ऐका. मी काही फार मोठं मागत नाही. कुणी तुमच्या माणसावर बोट ठेवलं की आधी विचारा, वाटीत काय आहे? हात कापडाखाली का? इथे यायच्या आधी मी कुणाजवळ काय बोललो? आणि ज्याच्यावर बोट ठेवलंय त्या माणसाला विचारा, तुझं काय म्हणणं आहे? हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. तोंड लागतं, आणि ते आपल्याला एरवी भरपूर आहे.

दीपमालाच्या हातावर काळपट डाग राहिला. परवाच एका गिऱ्हाईक बाईने हार घेताना विचारलं, "हे गोंदलंय का गं? विंचवासारखं दिसतं."

कलाबाई शेजारीच फुलं निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नाय हो, ताई," दीपमाला दोऱ्याला गाठ मारत म्हणाली. "आमच्या घरच्यांनी काय बी न इचारता इश्वास ठेवला होता, त्याचा डाग हाय."